वेशीवर टांगलेलं दुःख

होणाऱ्या सासरहून साखरपुड्याचं ताट, साडी, नारळ आणि चांदीची वाटी, सगळं जसंच्या तसं परत आलं, तेव्हा चंदना आईला एवढंच म्हणाली, "झालं समाधान? भावाला वाचवलंस, आता मला बुडव!" भाग्यलक्ष्मीच्या काळजाचं पाणी पाणी झालं...

"घरची लक्तरं वेशीवर टांगलीस!" तिचे पती खंडोजी गरजले. "पणजोबांपासून बंगळूरच्या या येलहंक्यात आपलं नाव... अन् तू देवळात उभी राहून सांगतेस, माझा मुलगा नशेच्या गोळ्या खायचा!"

होय, सांगितलं होतं तिनं! गल्लीतला कॉलेजात जाणारा एक मुलगा गोळ्या खाऊन बेशुद्ध सापडला, आणि भवानीच्या देवळात जमलेली मोठी माणसं नव्या अपार्टमेंटकडे बोटं दाखवू लागली. म्हणे, ते आयटीवाले आले आणि आपली पोरं बिघडली! भाग्यलक्ष्मीला ते ऐकवेना. तिचा शौर्य व्यसनमुक्ती केंद्रात होता, तेव्हा ती सगळ्यांना "हुबळीला नोकरीला आहे" म्हणून सांगत आली होती. बरा होऊन परतल्यावर त्यानंच म्हटलं होतं, "आई, माझं नाव घेऊन सांग. लपवालपवीत मी जास्तच बुडालो." म्हणून ती उठली, बोलली... आणि चंदनाच्या होणाऱ्या सासूबाई, देवश्रीबाई, पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.

त्या दिवसापासून चंदनानं आईशी बोलणं टाकलं. वाढलेलं जेवायची, पण शब्द नाही. पोटची लेक त्याच घरात परक्यासारखी वावरते, याहून कठोर शिक्षा आईला कोणती असेल! भाग्यलक्ष्मी पदर तोंडात धरून रडायची, आणि डोळे पुसून घराबाहेर पडायची.

गल्लीतल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं होतं. पण बाई वस्ताद! शुक्रवारी ती न बोलावताच दारोदार जाऊ लागली. दारात आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय परत कोण पाठवणार? आत घ्यावंच लागे, बसवावंच लागे, आणि कुंकू लावून घेता घेता ती हळूच विचारायची, "अक्का, मुलगा संध्याकाळी कुठं असतो हो? स्वल्प, थोडं सांगा तरी." कुणी तोंड फिरवलं, कुणी टोमणे मारले. एका घरी मात्र यजमानीण तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. तिथून बायका जमत गेल्या, आणि सगळ्या मिळून एक दिवस त्या अपार्टमेंटमध्येही गेल्या. तिथं पुण्याहून आलेली वीणा ओशाळून म्हणाली, "काकू, खरं सांगू? आम्हाला वाटायचं, हे सगळं तुमच्या गल्लीतून येतं!" भाग्यलक्ष्मी आणि ती, दोघी रडता रडता हसल्या.

मग मंडळच उभं राहिलं. औषधांच्या दुकानदारानं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या न देण्याचा शब्द दिला. रिक्षास्टँडवरचे अण्णा शाळेमागच्या पडक्या शेडवर नजर ठेवू लागले. वीणा घाबरलेल्या आयांना समुपदेशकाकडे नेऊ लागली, शौर्यनं पोरांना व्हॉलीबॉलला जुंपलं, आणि खंडोजी कुरकुरत का होईना, जाळी बांधून देऊन आले. धन्य ती माउली! ज्या गल्लीनं तिला वाळीत टाकलं, तीच आता अडीनडीला तिचं दार ठोठावत होती... पण घरातलं चंदनाच्या खोलीचं दार काही उघडत नव्हतं. जगाची लेकरं सावरली, माझीच तेवढी हरवली, हे तिच्या मनाला रात्रंदिवस खात राही.

दिवाळीनंतर एका सकाळी बेल वाजली. चंदनानं दार उघडलं, आणि समोर... देवश्रीबाई! स्वयंपाकघरातून बाहेर आलेली भाग्यलक्ष्मी जागीच थिजली.

"भाग्यलक्ष्मीअक्का आहेत का?" देवश्रीबाईंनी विचारलं. "आमचा धाकटा... सुरज..."

चंदनानं त्याच क्षणी दार लावून घेतलं असतं, तरी कुणी तिला नावं ठेवली नसती!

"लग्नाचं बोलायला आला असाल, तर परत जा," ती म्हणाली. "सुरजसाठी आला असाल, तर आत या."

देवश्रीबाई आत आल्या. "गोळ्याच गं, पोरी... तुझ्या साखरपुड्याच्या आधीपासून! मला ठाऊक होतं. देवळात तुझ्या आईचं बोलणं ऐकलं आणि मी हादरले. उद्या आमचंही पितळ उघडं पडेल म्हणून ताट परत धाडलं, आणि दोष तुमच्या घराला लावला..."

 चंदनानं वळून आईकडे पाहिलं. केवढी वाळली होती आई, आणि आपल्या लक्षातही आलं नव्हतं!

"आई," ती म्हणाली. "तू गप्प बसली असतीस, तर मी त्या घरात जाऊन जन्मभर लपवतच बसले असते गं... शौर्यला फोन कर. केंद्रात जागा आहे का विचारू दे. मी येते तुझ्याबरोबर."

किती महिन्यांनी ऐकलेली ती हाक! भाग्यलक्ष्मीला कितीतरी बोलायचं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "सरी बाळा, बरं." आणि देवश्रीबाईंना दोन बाजूंनी आधार देत त्या मायलेकी सुरजला आणायला निघाल्या.