शेकाच्या खोलीतला हात

हे घडलंय. माझ्या डोळ्यांवर माझाच फारसा भरवसा नाही, आयुष्य पुस्तकांत गेलं. तरी पडद्यावर दिसलं ते मला नाकारता येत नाही.

यंदाचा फेब्रुवारी. मंगळवार, सकाळचे पावणेबारा. यवतमाळचा एक दवाखाना.

माझ्या पत्नीच्या, सत्यभामाच्या, गालाचा कॅन्सर ऑपरेशनने काढला होता. उरलंसुरलं मूळ जाळायला डॉक्टरांनी रेडिएशनचे तीस शेक सांगितले. अर्धवट सोडले तर आजार परततो, हेही बजावलं.

शेक देताना चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवतात आणि तो टेबलाला घट्ट बसवतात. मग सगळे बाहेर. जाड दार बंद.

अठराव्या शेकानंतर तिचं तोंड आतून सोललं. पाणीही उतरेना.

"उद्याच्याला शेवटचं येतो," ती म्हणाली. "तुमाले काय, तुमी बाहीर पुस्तक वाचता. मले एकटीले थे खिळून ठेवतेत."

मला समजावता येत नाही.

मंगळवारी मशीनवरच्या अलफियाने दार लावलं. मी तिच्या मागून, आतली खोली दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं.

टेबलावर सत्यभामा...

शेजारी कोणीतरी उभं. तिचा हात धरून.

"आत कोण आहे?"

"कोणीच नाही काका. आत कोणी थांबूच शकत नाही."

पुन्हा पाहिलं. सत्यभामा एकटीच. पण तिची मूठ... कोणाची तरी बोटं धरल्यासारखी.

बाहेर आली ती शांत.

"थे बाई चांगली हाये. उद्या येऊ."

कोणती बाई, हे मी विचारलं नाही. भ्यालो.

तीस शेक पूर्ण झाले. डॉक्टर खूश.

आर्णीला घरी आलो. दुसऱ्याच दिवशी, पावणेबाराला, ती खाटेवर उताणी झाली. मान ताठ. एक हात खाटेबाहेर.

"काय करून राह्यली?"

"तिनं एकविसावरच सोडलं होतं. नऊ राह्यले तिचे. माह्यासाठी उभी राह्यली ना थे? आता मी तिच्यासाठी."

"कुठं राहते ती?"

"अवो, मेलेल्याले काय पत्ता राहते?"

तेव्हापासून रोज.

दहा मिनिटं श्वास ऐकू येत नाही.

उठते तेव्हा कपाळावर, मानेवर जाळीचे चौकोन उमटलेले असतात... मुखवटा तर दवाखान्यातच राहिला.

काल आठवा होता. उठायला तिला तासभर लागला.

आता अकरा चाळीस झालेत. आत ती केस विंचरतेय.

तिला अडवावंसं वाटतं. पण अडवलं, आणि आजार परतला तर?

खाट करकरली...