बासष्ट ठोके

बॅच चालू असताना अन्वी मुळीकला वाईट बातमी सांगायची नाही, हा विट्याजवळच्या त्या वस्तीचा शिरस्ता होता. भांडायचं तरी तेराव्या दिवशी. नवऱ्यानंसुद्धा बिनसाखरेचा चहा गपगुमान प्यावा!

कारण तिच्या शेडमधल्या वीस हजार कोंबड्या. आपल्या पणजोबांना चाळीस दिवसांत ब्रॉयलर तयार झाली, तरी केवढं कौतुक वाटायचं. आताची 'बारादिवशी' जात तेराव्या दिवशी गाडीत चढते. पण अंग सुसाट वाढतं आणि काळीज मागं राहतं. पक्षी जरा दचकला की ते फुटतं, संपलं. यावर पशुवैद्य डॉ. कोल्हटकरांनी उपाय शोधला. पिल्लू आईच्या पंखाखाली तिचे ठोके ऐकून निवांत होतं ना, मग त्याला माणसाचे ऐकवा. आधी ध्वनिमुद्रण लावून पाहिलं, पण दोन दिवसांत पिल्लांनी लबाडी ओळखली. जिवंत काळजाचे ठोके कधी अगदी एकसारख्या अंतरानं पडत नाहीत. म्हणून अन्वीच्या मनगटावर पट्टा, आणि त्यातून शेडच्या जमिनीत रात्रंदिवस तिचा 'काळीजताल'. पट्टा काढायचा नाही, शेडपासून शंभर पावलांपलीकडं जायचं नाही.

पहिल्या वर्षी साप बघून ती किंचाळली होती. पाच मिनिटांत तीन हजार पक्षी मेले. तिनंच ते गोळा केले, अजून गरम होते. त्या दिवसापासून तिनं काळजाला वळण लावलं. मिनिटाला बासष्ट ठोके, काही झालं तरी.

या खेपेला तिची आई आटपाडीत आजारी होती. "बॅच उठली की येते," ती फोनवर म्हणाली होती.

"ये सावकाश. मी कुठं पळून चाललीय?" म्हातारी हसली होती.

दहाव्या दिवशी डॉ. कोल्हटकर पाहणीला आलेले असताना तिचा धाकटा भाऊ समर दारात उभा राहिला. टोपीखाली डोकं तासलेलं होतं. डॉक्टरांना लगेच कळलं.

"अहो, थांबा! गाडीला अजून तीन दिवस आहेत."

"तुम्ही गप बसा, सायेब." तो अन्वीकडं वळला. "ताई, आई गेली. बॅच लागली त्याच दिवशी. तुला कळवलं न्हाई, चुकलं आमचं. आज दहावा. सकाळपासनं घाटावर बसलोय, पिंडाला कावळा शिवंना. सगळ्यांनी शब्द देऊन बघितला. तुझ्यातच जीव अडकलाय तिचा. चल."

डॉक्टरांनी धास्तावून तिचे ठोके दाखवणाऱ्या पडद्याकडं पाहिलं. बासष्ट. आत एक पीसही हललं नव्हतं.

"पट्टा काढला तर?" अन्वीनं विचारलं.

"तासाभरात एकही उरणार नाही," डॉक्टर म्हणाले.

तिला ते गरम पक्षी आठवले. तिला आईकडं जायचं होतं, फार जायचं होतं, पण पाय उचलेना.

"दर्भाचा कावळा करून घे, समर," ती म्हणाली.

"आईला गवताचा कावळा?" समरचा आवाज फाटला. "निदान रड तरी, ताई!"

"रडेन रे. गाडी जाऊ दे."

तेराव्या दिवशी गाडी गेली. अन्वीनं पट्टा काढून फेकला आणि थेट आटपाडी गाठली. आईच्या रिकाम्या खाटेवर बसली. तिची चोळी, तिची पानाची चंची, सगळं हातात घेऊन पाहिलं. डोळ्यांत पाणी येईना. मनगटावरच्या पट्ट्याच्या पांढऱ्या वळावर बोट ठेवून ठोके मोजले, बासष्टच.

समर रागानं आत आला. तिला बघितलं आणि राग विसरून लहानपणासारखा तिच्या गळ्यात पडला, हमसून हमसून रडू लागला. कान तिच्या छातीशी होता. हळूहळू हुंदके थांबले, श्वास लांबला आणि तो तसाच झोपी गेला. त्याची बायको रडत शेजारी टेकली, थोड्या वेळानं तिचीही मान अन्वीच्या खांद्यावर कलली.

अन्वी हलली नाही. आईसाठी रडणारं त्या घरात आता कुणीच उरलं नव्हतं.