कुलूपबंद कोठारातला जर्मन

"अफांडे, सार्जंटसाहेब, चला लवकर! आमचे साहेब कोठारात लटकलेत!"

म्हातारा स्वयंपाकी शेबुगे धापा टाकत लुशोटोच्या पोलीस चौकीच्या पायरीवरच बसला. सार्जंट शेकिलांगोने टोपी उचलली आणि डोंगराची वाट धरली.

शेबुगेचा साहेब लुडविग रीडेल इथे पंधरा वर्षं कॉफी पिकवत होता. इंग्रजांचं जर्मनीशी युद्ध पेटलं आणि तो एका दिवसात शत्रू ठरला. बाकीचे जर्मन पुरुष छावणीत, तारेच्या कुंपणामागे गेले. रीडेलचा घोड्यावरून पडून खांदा मोडलेला. उजवा हात गळ्यात बांधून तो बायकोसह घरातच नजरकैदेत होता. इंग्रज सरकारने मळा जप्त केला आणि सगळ्या किल्ल्यांसकट शेजारच्या हार्टलीकडे सोपवला.

शेकिलांगोने कोठाराच्या खिडकीच्या गजांतून पाहिलं. तुळईला दोर, दोराला रीडेल.

तेवढ्यात चौकीवरून निरोप मिळालेले जिल्हाधिकारी व्हिटकोम आणि हार्टली मोटारीने आले. हार्टलीने खिशातून किल्ली काढून दार उघडलं. प्रेत खाली घेतलं.

"छावणीची धास्ती घेतली बिचाऱ्याने," हार्टली म्हणाला.

व्हिटकोम हळहळला. "आणि जर्मनांची चौकशी करणाऱ्या समितीने तर त्याला निर्दोष ठरवलं होतं. सोमवारी सुटका. मळाही परत."

"हे रीडेलसाहेबांना ठाऊक होतं, ब्वाना?" शेकिलांगोने अदबीने विचारलं.

"नाही. काल जेवताना फक्त हार्टलीला बोललो."

रीडेलची बायको हेडविग भिंतीला टेकून उभी होती. शेकिलांगो तिच्याकडे वळला.

"बाईसाहेब, साहेब कोट स्वतः घालायचे?"

"नाही हो. मीच घालायची. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता."

"शेबुगेबाबा, तू सकाळी आलास तेव्हा दार कसं होतं?"

"बंद. कुलूप होतं की! म्हणून तर गजांतून बघितलं."

"कुलूप असेना का," हार्टली म्हणाला. "रीडेल खिडकीतून शिरला असेल."

"गज जागच्या जागी आहेत, ब्वाना."

शेकिलांगो व्हिटकोमकडे वळून सावकाश बोलू लागला. "ज्याचा उजवा हात छातीच्या वर जात नाही, तो एकट्या डाव्या हाताने तुळईला दोर बांधणार कसा? समजा बांधला. मग गळफास घेतल्यावर बाहेरून कुलूप कोणी लावलं? रीडेल सुटला की मळा जाणार, हे एकाच माणसाला कळलं होतं. त्याने रीडेलला इथे बोलावलं, गळा आवळला, टांगलं. आणि निघताना कुलूप लावलं. कॉफी चोरीला जाईल म्हणून रोज लावतो, तसंच."

"एका काळ्याच्या शब्दावर मला धरणार?" हार्टली ओरडला. "तेही एका जर्मनासाठी?"

व्हिटकोमने हात पुढे केला. मग म्हणाला, "किल्ली इकडे दे, हार्टली. आणि मोटारीत बस."

सोमवारी छावणीची लॉरी हेडविगला न्यायला आली. सुटकेचा हुकूम फक्त रीडेलच्या नावाचा होता. हेडविग अजून शत्रूच होती. तिला लॉरीत चढवायचं काम शेकिलांगोच्याच वाट्याला आलं.

"त्यांच्या थडग्यावरचं गवत कोण काढणार?" तिने विचारलं.

सार्जंटने तिची पेटी लॉरीत ठेवली. शेबुगे पुढे झाला. "मी आहे ना, बाईसाहेब. तुम्ही बसा."