बावीस नंबर हजर

"तुमच्या निवाऱ्याचं कार्ड सापडलंय. खाट नंबर बावीस. हा माणूस तुमचाच ना?"

फोन सरकारी रुग्णालयाच्या शवागारातून होता. बोलणारी कारकून मुलगी आवाजावरून नवी वाटत होती.

ताईंनी समोरचा हजेरीतक्ता पुढे ओढला. बेघरांच्या या निवाऱ्याच्या त्या व्यवस्थापिका; आचाऱ्यापासून रहिवाशांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. चाळीस खाटा, चाळीस ओळी. बावीस: रात्रीची हजेरी, बरोबरची खूण. धुलाई, खूण. आजचा नाश्ता, खूण. तळाशी ताईंची सही.

"आमचे बावीस नंबर इथेच आहेत," ताई म्हणाल्या. "आज सकाळी नाश्ता केलाय त्यांनी."

"मॅडम, आज गुरुवार आहे. हे गृहस्थ रविवारी संध्याकाळी गेले. रस्त्यात कोसळले, हृदय बंद पडलं. म्हातारे आहेत, तोंडात एक दात नाही."

"मग रविवारीच का नाही कळवलंत?"

"कळवलं होतं. सहा चाळीसची नोंद आहे. तुमच्याकडून कुणीतरी सांगितलं, माणूस हजर आहे, कार्ड हरवलं असेल. म्हणून यांना अनोळखी ठरवलं. आज तीनला गाडी येते आणि बेवारस घेऊन जाते. कार्डावरचा फोटो आणि हा चेहरा एकच वाटला, राहवलं नाही, म्हणून परत फोन केला."

"मी येते."

"नुसत्या येऊ नका. तुमचा तक्ता म्हणतोय माणूस जिवंत आहे. मग त्याच्या जागी जेवतंय कोण, ते लेखी आणा. त्याशिवाय साहेब ताबा देणार नाहीत."

साडेअकरा झाले होते. ताईंनी फोन ठेवला आणि काहीतरी वाटेल म्हणून क्षणभर थांबल्या. काही वाटलं नाही.

चौदा वर्षं झाली होती त्यांना या कामात. पहिली दोन वर्षं घरी जाऊन रडायच्या. मग रडणं थांबलं, आणि नक्की कधी थांबलं तेही त्यांना सांगता आलं नसतं. रोज गरम भांडी उचलणाऱ्या हाताला चटका कळेनासा होतो, तसंच काहीसं. कुणी काही विचारलं की त्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवत. पाटीवर नऊ नियम. नववा: कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना प्रवेश नाही.

बावीस नंबरला सगळे आजोबा म्हणत. ताईंच्या लेखी आजोबा म्हणजे एक बोट. कचेरीच्या खिडकीला दुधी काच होती आणि खाली चार बोटांची फट. रोज सकाळी बाहेर पडताना आजोबा त्या फटीत बोट घालून लाकडावर दोनदा टकटक करत. नख मधोमध चिरलेलं. "ताई, बावीस नंबर हजर!" ताई मान वर न करता म्हणत, "हं."

त्यांनी आजोबांचा अर्ज काढला. शेऱ्याच्या रकान्यात ताईंच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मेल्यास बेवारस पाठवू नये, ओळखणारं कुणीतरी असावं, अशी विनंती.' लिहून घेतलं होतं खरं. आठवत मात्र नव्हतं.

झोपायचं दालन सकाळी नऊला बंद व्हायचं ते चारलाच उघडायचं. म्हणजे बावीसवर कोण झोपतं, हे चारपर्यंत थांबून बघता येणार नव्हतं. विचारावंच लागणार होतं.

त्या फाटकावर गेल्या.

"काका, बावीस नंबर रविवारी बाहेर पडले?"

"चार वाजता." फाटकावरच्या काकांनी वहीत बोट ठेवलं.

"परत आले?"

काकांनी पान उलटलं, परत मागे आले. "आत आल्याची नोंद नाही. पुढेही नाही. ना आत, ना बाहेर."

"मग आठच्या हजेरीत तुम्ही रोज खूण कशी केलीत?"

"मी डोकी मोजतो, ताई. चाळीस भरली की सुटलो. बावीसवर पांघरूण होतं, पांघरुणात माणूस होता. तोंडावरचं पांघरूण काढून बघायला मी काय त्याची आई?"

"फाटकातून नाही, तर माणूस आत येणार कुठून?"

"मागच्या दारानं. किल्ल्या दोनच. एक आचाऱ्याकडे, एक धुलाईच्या अक्कांकडे."

स्वयंपाकघरात आचारी दुपारच्या कांद्यांवर हात चालवत होता. वाढायची खिडकी त्याच्या कमरेएवढी होती. पलीकडून येणाऱ्याचे फक्त हात दिसत, आणि हातातला खाटेच्या नंबराचा बिल्ला. तो बिल्ला खाटेलाच टांगलेला असे.

"बावीस नंबर आज नाश्त्याला होते?"

"होते ना. बिल्ला होता."

"तोंड बघितलंत?"

"चाळीस तोंडं बघत बसलो तर पोळून निघेन." मग त्याचा हात थांबला. "पण एक सांगू? आजोबा पाव दुधात भिजवून मागायचे. सोमवारपासून कोरडा नेतात. मी म्हटलंसुद्धा, आजोबांना दात फुटले वाटतं! आणि आधी हात थरथरायचा, चहा सांडायचा. आता थेंब सांडत नाही."

"हे मला का नाही सांगितलंत?"

"चहा सांडला नाही, हे कुणी सांगायला येतं का?"

"रविवारी संध्याकाळी पॅसेजमधला फोन तुम्ही उचललात?"

"त्या वेळी मी शेगडी सोडली तर सगळं करपेल. वाजला होता. कुणीतरी उचलला."

फाटकाबाहेरच्या बाकावर एकवीस नंबरचे मास्तर ऊन खात बसले होते. डोळ्यांनी अधू, पण कानांनी तिखट.

"मास्तर, शेजारी कोण झोपतं?"

"आजोबा नाहीत. आजोबा घोरायचे, हा खोकतो. रविवारपासून."

"ओळखीचा आहे?"

"नवा आहे. पण अंगाला वास नाही. रस्त्यावरून आलेला माणूस पहिले दोन दिवस नाकाला कळतो, ताई. आम्ही सगळे तसेच आलो. हा मात्र धुऊनवाळवून आणल्यासारखा."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी?" मास्तर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

धुलाईच्या खोलीत ओल्या चादरी दोऱ्यांवर भिंतीसारख्या लावलेल्या होत्या. ताई आत शिरल्या तसं अक्कांनी ड्रायरचं बटण दाबलं. यंत्र घरघरू लागलं. काचेतून ताईंना दिसलं, आत काहीच नव्हतं.

"अक्का, बावीसची पिशवी धुवायला आली होती?"

"आली. सोमवारी."

"आजोबांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"मी माणसं बघत नाही, पिशव्या बघते."

"मागच्या दारानं कुणाला आत घेतलंत?"

"मी? छे." अक्का हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी घालत राहिल्या, घातलेली मोडून परत घातली.

भिंतीवर खडूची पाटी होती. त्यावर अक्कांच्या ठसठशीत अक्षरात ड्रायरच्या गरम फेऱ्या: शुक्रवार दोन, रविवार एक, मंगळवार तीन. तीन वर्षांपूर्वी निवाऱ्यात ढेकूण झाले होते आणि चाळीसच्या चाळीस गाद्या जाळाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून भरती झालेल्या माणसाचे कपडे आधी या फेरीत जात. अक्का पोटच्या पोराला म्हटलं तरी त्यातून सूट देणार नाहीत, असं सगळे हसून म्हणत.

ताई कचेरीत परतल्या आणि जबाब लिहायला बसल्या. कागदावर 'रविवार' एवढाच शब्द झाला, आणि त्या उठल्या.

पाच मिनिटांनी काका आणि आचारी धुलाईच्या खोलीत उभे होते. ड्रायर अजून रिकामाच फिरत होता. ताईंनी तो बंद केला. खोली शांत झाली.

"अक्का, आपल्याकडे भरती कोणत्या वारी होते?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी."

"मग रविवारची गरम फेरी कुणासाठी?"

अक्कांनी पाटीकडे बघितलं.

"मी सांगते," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "रविवारी मला सुट्टी. फाटकावर काका, शेगडीवर आचारी. सहा चाळीसला फोन वाजला, तो उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. आजोबा गेल्याचं तुम्हाला कळलं. म्हणजे एक खाट रिकामी झाली. हे मला कळलं असतं तर ती प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला गेली असती. म्हणून तुम्ही सांगितलंत, माणूस हजर आहे. मग मागच्या दारानं एकाला आत घेतलंत, अंघोळ घातलीत. आजोबांच्या वयाचा नाही तो; दात शाबूत आहेत, हात स्थिर आहे. पण काका डोकी मोजतात आणि आचारी हात बघतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. आंधळं दळत होतं, तुम्हाला पीठ मिळालं."

"पाटीवर लिहिलंत कशाला मग?" आचारी न राहवून म्हणाला.

"सवय," ताई म्हणाल्या. "चोरून आणलेल्या माणसाचेही कपडे अक्कांनी आधी गरम फेरीत टाकले. ढेकूण कसे येऊ देतील? आणि फेरी केली की पाटीवर लिहायचं, हे हाताचं वळण. दिवसा तो बाहेर जात नाही, काकांच्या वहीत नाही. त्याला खोकला आहे. म्हणून मी आले की रिकामा ड्रायर सुरू होतो."

त्यांनी मधली चादर बाजूला केली.

मागे पालथ्या बादलीवर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. मांडीवर अभ्र्यांची चळत. तो उठून उभा राहिला आणि आता दाबण्यात अर्थ नाही म्हणून पोटभर खोकला.

"माझा दादा," अक्का म्हणाल्या. "सख्खा. चार महिने पुलाखाली होता. दोन महिन्यांपूर्वी तुम्हाला विचारलं होतं, एखाद्याचा भाऊ असला तर? तुम्ही मान वर न करता नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलंत."

"मी?"

"तुम्हाला आठवणार नाही." अक्कांचे डोळे कोरडेच होते. "मला वाटलं, मेलेल्या माणसाला खाट कशाला लागते. काढा मला कामावरून."

"खाट नाही लागत. पण ओळखणारं कुणीतरी लागतं. तेवढंच मागितलं होतं त्यांनी. आज तीनला त्यांना बेवारस म्हणून नेतायत."

अक्का खाली बसल्या. "ते मला ठाऊक नव्हतं हो," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ तेच म्हणत राहिल्या.

ताईंनी तिथेच इस्त्रीच्या टेबलावर जबाब लिहिला. काकांनी सही केली, आचाऱ्याने केली, अक्कांनी केली. काकांनी कागद खिडकीशी नेऊन वाचला.

"ताई, यात तुमचंही लिहिलंय."

"हो. रोज सकाळी ते माझ्या खिडकीवर बोट वाजवायचे. सोमवारपासून वाजलं नाही. चार दिवस मी सही करत राहिले. तुमच्याकडे निदान पांघरूण तरी होतं, माझ्यासमोर काहीच नव्हतं." त्यांनी कागद परत घेतला आणि सगळ्यांच्या खाली स्वतःची सही केली.

"बावीसवर यादीतला पहिला माणूस येईल," त्या अक्कांना म्हणाल्या. "हा जबाब संचालकांकडे जाईल. दादांचं काय ते संध्याकाळी बघू. या वेळी विचारलंत तर मी मान वर करीन."

दादाने चळत नीट टेबलावर ठेवली. "चार दिवस त्यांच्या खाटेवर झोपलो," तो म्हणाला. "मी येऊ का? उचलायला माणसं लागतील ना?"

ताई, अक्का आणि दादा शवागारात पोचले तेव्हा सव्वादोन झाले होते. साहेबांनी जबाब दोनदा वाचला. कारकून मुलीने चादर तोंडावरून खाली ओढली.

"ओळखता?"

ताई बघत राहिल्या. पांढरी दाढी, बसकी गालफडं. हा चेहरा त्यांनी भरतीच्या दिवशी पाहिला असणार. त्यांना तो ओळखता येईना.

"मॅडम? ओळखता ना?"

"त्यांचा उजवा हात दाखवा," ताई म्हणाल्या.

मुलीने चादर बाजूने उचलली. पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं होतं. ताईंनी ते बोट हातात धरलं. शेजारी अक्का रडत होत्या, दादा भिंतीकडे तोंड करून खोकत होता.

"आमचेच आहेत," ताई म्हणाल्या. "बावीस नंबर. रविवारपासून गैरहजर."

मुलीने नोंदवही पुढे केली. ताईंनी आधी पुन्हा एकदा आजोबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि मग सही केली.