चार शुभवर्तमानं आणि एक दाढ

तो आत आला तेव्हा त्याचा डावा गाल टम्म सुजलेला होता आणि माझ्या हातात दाभण होतं. आमच्या जिन्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. उजवीकडचं दंतवैद्याचं, डावीकडचं मावशीच्या बांधणीखान्याचं. दाढ ठणकायला लागली की माणसाला डावं-उजवं कळत नाही. तो मुकाट्याने माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला, डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.

मी दाभण खाली ठेवलं. "आधी तोंड मिटा. इथे पुस्तकं शिवतात. दात समोर."

त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. दुसरा कुणी असता तर ओशाळून पळाला असता. हा मात्र माझ्या मेजाकडे बघत बसला. तिथे एका जाडजूड जुन्या पुस्तकाची सुटी झालेली पानं चार गठ्ठ्यांत मांडून ठेवली होती.

"हे… पाद्रीबाबांनी दिलंय?" सुजलेल्या गालातून शब्द वाकडेतिकडे बाहेर आले.

"हो. चारही शुभवर्तमानं वेगवेगळी बांधायचीत. कण्यावर सोनेरी नावं. मत्तय, मार्क, लूक, योहान. तुम्ही ओळखता त्यांना?"

"वडील आहेत माझे."

"बरं झालं! मग त्यांना निरोप द्या, कातडं अजून आलेलं नाही म्हणावं."

"मला नाही देता येणार… सध्या आमचं जेवण आणि औषध सोडून बोलणं होत नाही."

"का बरं?"

"या नावांवरून," तो म्हणाला आणि गाल धरून समोरच्या दारात दिसेनासा झाला.

झालं! अर्धवट सांगितलेली गोष्ट म्हणजे मला चपलेत अडकलेला खडा. रात्रभर टोचत राहिला. चार जुनी नावं, त्यांवरून बाप-लेकानं अबोला का धरावा? मावशी म्हणाली, "अगं, नसत्या उठाठेवी कशाला? पानं शीव." मी पानं शिवली, पण कान जिन्याकडे ठेवून.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहूनच डाव्या दारातून आला. गाल उतरला होता आणि त्याखालचा चेहरा बरा निघाला. बराच बरा.

"समोर," मी म्हणाले.

"आज दात दुखत नाही," तो म्हणाला. "आज फक्त… काल गोष्ट अर्धी राहिली होती."

मी खुर्ची पुढे सरकवली. मनातल्या मनात मी त्याचं नाव 'दाढवाले' ठेवलं होतं आणि तेच पुढे मावशीच्याही तोंडी बसलं.

दाढवाले विद्यापीठात जुने धर्मग्रंथ शिकवत. त्यांचं म्हणणं साधं होतं. या चार पुस्तकांत आत कुठेही लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलेलं नाही. मत्तय, मार्क ही नावं बहुधा मागाहून लागली, आणि मूळ लिहिणारे कोण यावर अभ्यासक अजून भांडतायत. पाद्रीबाबांना हे ऐकवत नव्हतं. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं त्यांनीच लिहिलं, असं ते आयुष्यभर सांगत आले होते, आणि आता घरातलाच मुलगा उलटं बोलत होता.

"नाव नव्हतं तर मागून कशाला घातलं?" मी विचारलं.

"तुम्ही का घालताय कण्यावर?"

"मी? चार पुस्तकं एका फळीवर ठेवली तर ओळखायची कशी म्हणून."

तो हसला. हसताना अजून थोडं दुखत असावं, कारण अर्ध्यावरच थांबला. "काही अभ्यासक हेच म्हणतात. एकच होतं तोवर नावाची गरज नव्हती. दोन-चार झाली, की ओळखायला नाव लागतं."

"मग घालू की नको?"

"घाला. बाबांची आहेत."

मग तो येतच राहिला. कधी दुपारी, कधी विद्यापीठातून परतताना. मी खळ ढवळायची, तो बोलायचा. लूक सुरुवातीलाच सांगतो की माझ्याआधी पुष्कळांनी लिहिलंय. योहानाच्या शेवटी कुणीतरी म्हणतं की हे प्रभूच्या त्या लाडक्या शिष्याने लिहिलं आणि त्याची साक्ष खरी आहे हे आम्हाला ठाऊक आहे.

"'आम्हाला' म्हणजे कुणाला?" माझा हात खळीतच थांबला.

"बघा! हाच प्रश्न."

"म्हणजे साक्ष एकाची आणि हात दुसऱ्याचा?"

"असं मानायला जागा आहे."

हे त्याचं पालुपद. असं मानायला जागा आहे. तसं म्हणता येईल. परंपरेनुसार. एकदा मी विचारलं, "चहा आवडला का?" तर म्हणाला, "न आवडण्याचं सबळ कारण दिसत नाही." या माणसाच्या तोंडून एक सरळ वाक्य काढायचं म्हणजे दाढ काढण्यापेक्षा अवघड!

पण मला सगळ्यात आवडली ती दमणाऱ्या लेखकाची गोष्ट. मार्कात तिथल्या हेरोद नावाच्या सत्ताधीशाला राजा म्हटलंय. खरं तर तो राजा नव्हता, मांडलिक होता. मत्तय नीट सुरुवात करतो, 'मांडलिक' लिहितो, आणि थोडं पुढे गेल्यावर त्याच्या हातून 'राजाला वाईट वाटले' असं निसटतं.

"का निसटलं?" मी विचारलं.

"बहुतेकांना वाटतं, समोर मार्क ठेवून तो लिहीत होता. दुसऱ्याची गोष्ट बदलून सांगताना माणूस सुरुवातीला जपतो. मग रंगतो, दमतो, आणि मूळ गोष्ट खालून डोकावते. पण ज्याने स्वतः पाहिलं तो दुसऱ्याचं समोर ठेवून कशाला लिहील? बाबांशी भांडण झालं ते इथेच."

तो हे सांगत होता आणि मी त्याच्या हातांकडे बघत होते. बोलता बोलता तो माझ्या मेजावरच्या दोऱ्याला गाठी मारायचा आणि जाण्याआधी सगळ्या सोडवून ठेवायचा. मी त्याच्या प्रेमात पडले होते. आडपडदा कशाला ठेवू?

आणि नेमकी तेव्हाच नोकरी आली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात, जुन्या हस्तलिखितांच्या दुरुस्तीची. मी कधीचा अर्ज केला होता. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. मावशी म्हणाली, "जा गं. अशी संधी दारात वाट बघत उभी राहत नाही." मला जायचं होतं. पण जाण्याआधी एक गोष्ट ऐकायची होती, आणि ती सांगणारा माणूस परंपरेत अडकला होता.

बुधवारी मी त्याला सांगितलं. दोऱ्याच्या गाठीवर त्याची बोटं थांबली.

"असं का…" तो म्हणाला. "अशा नोकऱ्या… सर्वसाधारणपणे चांगल्या मानल्या जातात."

"अजून काही?"

"शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयात माझं व्याख्यान आहे. बाबाही येणारेत, खोडून काढायला. तुम्ही… याल का?"

त्या दिवशी तो गाठी न सोडवताच गेला. मी कात्रीने दोरा कापून टाकला, इतका राग आला होता मला. शुक्रवारी सकाळी ग्रंथालयाला फोन केला आणि होकार देऊन मोकळी झाले.

तरी संध्याकाळी गेलेच. कुतूहल मेलं मला कुठे स्वस्थ बसू देतंय! मी आणि मावशी तिसऱ्या रांगेत बसलो. पहिल्या रांगेत पाद्रीबाबा, काठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी ठेवून.

तो मांडलिक आणि राजापर्यंत छान बोलला. मग म्हणाला, "गोष्टी कशा बदलतात ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. माझ्या एका मित्राचा कान दुखत होता. कानाच्या डॉक्टरांऐवजी तो चुकून शेजारच्या शिंपिणीच्या दुकानात शिरला."

मी ताठ बसले. मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"शिंपीण कापड बेतत होती. मित्र जाऊन बसला. तिने मान वर केली. तिची मान वर होण्याआधी उजवी भुवई वर होते… रागावली असली तर जास्तच. आणि तिच्या मनगटावर वाळलेली खळ असते, ते तिच्या लक्षातच नसतं. तिने पानं दाबाखाली सारली आणि म्हणाली, आधी तोंड मिटा…"

काठी जमिनीवर आपटली. पाद्रीबाबा उभे राहिले.

"चिरंजीव, एक शंका. शिंपिणीकडे पानं कुठून आली?"

त्यांनी काठी व्यासपीठाकडे रोखली.

"आणि कान दुखणारा माणूस तोंड उघडून कशाला बसेल?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच.

"तुझ्याच नियमाने विचारतो," पाद्रीबाबा म्हणाले. "मूळ गोष्ट वेगळी आहे. तू ती झाकून सांगायला निघालास आणि झाकता झाकता दमलास. मित्र कोण?"

तो व्यासपीठावर पाण्याच्या पेल्याला धरून उभा होता. मला वाटलं, आता म्हणणार, परंपरेनुसार…

"मी," तो म्हणाला.

"आणि शिंपीण?"

"ती शिंपीण नाही, बाबा. ती पुस्तकं बांधते." त्याने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. "माझं तिच्यावर प्रेम आहे. तिला अजून सांगितलेलं नाही."

"आत्ता काय केलंस मग?" पाद्रीबाबा खाली बसले.

माझे कान इतके तापले की त्यांवर खळ शिजली असती. मावशी कोपराने ढोसत होती, "ऊठ! नाहीतर बस! काहीतरी कर!" मी बसून राहिले. पुढचं व्याख्यान त्याने कसं रेटलं देव जाणे. योहानाचं तर पार वाटोळं केलं.

बाहेर पायऱ्यांवर आधी पाद्रीबाबा भेटले. "पोरी," ते म्हणाले, "मत्तयाचं मत्तयानेच लिहिलं असं मी मानतो आणि मरेपर्यंत मानणार. पण पोराची पद्धत अगदीच टाकाऊ नाही." मग मागून येणाऱ्या मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, "घरी येतोस ना? तुझ्या त्या लूकबद्दल मला विचारायचंय." त्याने मान डोलावली, आणि म्हातारबुवा मावशीचा हात धरून मुद्दाम हळूहळू पायऱ्या उतरायला लागले.

आम्ही दोघं उरलो.

"मी आज सकाळीच होकार कळवलाय," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "कुणाला?"

"ग्रंथालयाला. नोकरीसाठी."

तो पायरीवर बसला. मीही बसले. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त आनंद होत होता, आणि दोन्ही एकदम होतं हेच मला आवडत नव्हतं.

"बुधवारी बोललो असतो, तर थांबला असतात?"

मी विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं नाही. "नाही. नोकरी मला हवीच आहे. पण जाताना असं रिकामं रिकामं वाटलं नसतं."

"आणि आता?"

"आता नाही वाटत."

त्याने माझं मनगट हातात घेतलं आणि तिथली वाळलेली खळ नखाने हळूच खरवडली. फार लक्ष देऊन, जणू खाली काही लिहिलेलं असावं. मी हात काढून घेतला नाही.

"बस कुठून सुटते?"

"नदीपलीकडून. सकाळी बसलं की दुपारी पोचतं."

"मी येतो. रविवारी. या रविवारी नाही… तुम्ही जाल त्यानंतरच्या पहिल्या रविवारी. ग्रंथालयातच येतो."

"रविवारी ग्रंथालय बंद असतं."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. इतके जुने ग्रंथ कोळून प्यायलेला माणूस, पण एवढंही कळेना! मला हसू आवरेना.

"अरे, म्हणूनच ये," मी म्हणाले.