मोकळी सोडलेली ओळ

या, जरा जवळ सरकून बसा. फोन पालथा ठेवा, आणि घटकाभर मन माझ्या स्वाधीन करा. भगवंताचं नाव घेऊन आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट देवाची नाही, दोन भावांची आहे, आणि त्यातही थोरल्याच्या काळजाची आहे. ऐकताना तुमचाही थोडा गोंधळ होईल. होऊ द्या. त्या बिचाऱ्याचा तर वर्षभर झाला होता.

मखमलाबादच्या मळ्यात, धोंडाबाईच्या ओट्यावर, त्या सकाळी पाट मांडला होता. पाटावर एक काळा स्पीकर, त्याला हळदकुंकू, पुढे उदबत्ती आणि नारळ. धोंडाबाईचा धाकटा लेक सार्थक, ‘गाळपेर’ या रॉक बँडमध्ये गिटार घेऊन पुढे उभा राहून गाणारा, त्याचा पहिला एकट्याचा अल्बम त्या दिवशी बाहेर आला होता. बँडचा नाही, त्याचा एकट्याचा. शेजारपाजारची माणसं जमली होती. आणि ओट्याच्या अगदी कडेला, सगळ्यांकडे पाठ करून, थोरला समाधान झेंडूची फुलं कॅरेटमध्ये भरत बसला होता... जणू त्या पाटाशी आपला काही संबंधच नाही.

धोंडाबाईने नारळ फोडला. समाधानची बायको हर्षाली, तिने फोनवर बोट ठेवलं, आणि सार्थकचा आवाज अंगणात उतरला...

‘पाणी ओसरलं की ये...’

एवढी एक ओळ आली, आणि पुढे काहीच नाही. गिटारची एक तार लांबवर घुमत राहिली. पण ना शब्द, ना ठोका.

“बिघडलं का काय गं हे?” धोंडाबाईने स्पीकर उचलून नारळासारखा कानाशी हलवून पाहिला.

“नेट गेलं आसंल,” शेजारचे रावजीबाबा म्हणाले.

“नाही हो, चालूच आहे. हे बघा, आकडे पुढे सरकतायत,” हर्षाली म्हणाली.

तेवढ्यात दुसरी ओळ आली, आणि तिच्यामागे पुन्हा तीच ओसाड शांतता. मग तिसरी. प्रत्येक ओळीनंतर तसंच.

“गाणं हाय का उचकी?” रावजीबाबांनी विचारलं, आणि सगळे हसले.

समाधान हसला नाही. त्याचा फुलातला हात फुलातच राहिला. त्या रिकाम्या जागा कुणाच्या होत्या, हे त्याला न सांगता कळलं होतं. बँडमध्ये तिथे त्याचे ड्रम वाजायचे. तिथे त्याचा आवाज उभा राहायचा. ‘माझी जागा खरवडून काढली,’ त्याच्या मनात आलं, ‘आणि खड्डा तसाच ठेवला, जगाला दाखवायला...’ तो उठला, कॅरेट डोक्यावर घेतलं आणि पिकअपकडे चालू लागला. डोळ्यांत पाणी का आलं, ते रागाने की मायेने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आता मागची हकीकत ऐका, म्हणजे त्या पाण्याचा उगम सापडेल.

या दोघांचे वडील सावळीराम. गावात कीर्तन असलं की ते टाळ घेऊन बुवांच्या मागच्या रांगेत उभे. बुवा अभंगाची ओळ म्हणतात आणि थांबतात. मग मागचे टाळकरी तीच ओळ उचलतात, घोळवतात, आणि बुवांना श्वास मिळेपर्यंत ती धरून ठेवतात. याला म्हणतात ध्रुवपद धरणं. सावळीरामांनी जन्मभर तेच केलं. त्यांचं नाव कधी पत्रिकेत आलं नाही, पण ते नसले की बुवांनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पोरांना त्यांनी शिकवलं ते पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसल्या बसल्या. धाकट्याने म्हणायचं, थोरल्याने धरायचं. “म्हणणाराने ओळ मोकळी सोडायची,” ते सांगत, “अन् धरणाराने ती भुईला पडू द्यायची नाय.”

सावळीराम गेले. पोरांनी मित्रांना घेऊन बँड काढला. गंगापूर धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात, त्या गाळपेरीचं नाव बँडला दिलं. सार्थक पुढे, समाधान मागे ड्रमवर, आणि त्याच्या तोंडी ध्रुवपद. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत पोरं नाचायची. त्यांना काय ठाऊक, की त्या दणदणाटाच्या पोटात मखमलाबादचं कीर्तन उभं आहे!

मग एक दिवस मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचे यादव साहेब मळ्यावर आले. सार्थक घरी नव्हता. चहा घेतला, झेंडूचं कौतुक केलं आणि हळूच म्हणाले, “समाधानभाऊ, साफ बोलू का? आम्हाला एकच आवाज पाहिजे. दो भाई का मामला नहीं जमेगा. पण तुमचा भाऊ तुमच्याशिवाय हलायला तयार नाही. त्याची जिंदगी आहे... आता तुम्हीच काय ते बघा.”

समाधानने बघितलं. त्याच संध्याकाळी तो भावाला म्हणाला, “मला कंटाळा आला त्या धडाडधुमचा. फुलं तोडून हात भरून येतात, त्यात तुझे ड्रम. मी सोडलं. तू तुझं बघ.”

सार्थकने गिटार खाली ठेवली. “दादा, मनापासून बोलतोयस?”

“मग काय तोंडदेखलं?”

चुलीपुढे हर्षालीने सारं ऐकलं होतं; यादवांचंही आणि हेही. यातलं कुणाला सांगायचं नाही, अशी समाधानने तिला गळ्यातल्या तुळशीच्या माळेची शपथ घातली. ती तिने पाळली. सार्थक मुंबईला गेला, आणि ड्रम शेडमध्ये गेले. मोठ्या ड्रमच्या फाटक्या बाजूने आत शिरून कोंबडी अंडी घालू लागली. वर्षभरात सार्थकचे फोन आले ते आईला. दादाला एकही नाही.

आणि इथेच समाधानच्या जिवाचा गुंता झाला. लेकराला अंगावरच्या दुधापासून तोडावं तसं त्याने भावाला आपल्यापासून तोडलं होतं, ते समजून उमजून. मग तो गेला याचं दुःख का व्हावं? त्याने एकदा तरी मागे वळून ‘दादा, खरं सांग’ म्हणायला हवं होतं, असं का वाटावं? रात्रंदिवस तो स्वतःलाच विचारी, आणि उत्तर सापडलं म्हणता म्हणता हातातून निसटून जाई.

अल्बम आल्याच्या आठवड्यात सार्थकचा फोन आला. नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे. “आई, ये. आणि... दादाला वेळ असला तर बघ.”

“मला वेळ नाही,” समाधान म्हणाला.

हर्षाली भाकरी थापता थापता थांबली. “अहो, तुम्हीच हात सोडलात आणि तुम्हीच रुसलात. इतकी कीर्तनं ऐकली मी, असला रुसवा कुठे ऐकला नाही.”

“मलाच कळत नाही गं,” तो खाली मान घालून म्हणाला. “मी त्याला पाठवला, हे खरं. तो गेला याचा राग येतो, तेही खरं. आणि गाण्यात माझी जागा अशी उघडी टाकली, ते तर... दोन्ही, तिन्ही खरं कसं असेल एका माणसाच्या पोटात?”

“मग जाऊन विचारा की भाऊजींना.”

“काय विचारू? तू माझं खोटं खरं का मानलंस, असं?”

तेवढ्यात धोंडाबाई आतून हार घेऊन आली. मळ्यातल्या फुलांचा, तिने स्वतः ओवलेला, मनगटाएवढा जाड. “हे पाह्य, रुसायचं तं रुस,” ती म्हणाली. “पन मला पिकअप चालवता येत नाय. मला सोड, अन् भाहेर उभा राह्य. तुला कोनी आत बोलावलंय?”

शनिवारी तो गेला, बाहेर उभं राहायचं ठरवून. पण दारातच यादव साहेब भेटले, घामाघूम झालेले. त्यांनी समाधानला ओळखलं आणि बाजूला ओढलं.

“भाऊ, बरं झालं आलात. तुमच्या भावाने डोकं उठवलंय आमचं. लोक विचारतात, गाणं अर्धं का? स्टुडिओत दर ओळीनंतर हा डावीकडे मान वळवून थांबायचा. पहिल्यांदा वाटलं, शब्द विसरतोय. म्हटलं, बाबा, ती रिकामी जागा काटून टाकतो. तर ऐकेचना. म्हणे, काटू नका, तिथे माणूस आहे.” यादवांनी कपाळ पुसलं. “समाधानभाऊ, तिथे भिंत होती.”

वर्षभर ज्या जागी समाधानने राग नीट रचून ठेवला होता, ती जागाच एकाएकी सापडेनाशी झाली... डावीकडे. तालमीत समाधान कायम डावीकडे बसायचा. आई आत गेली, आणि तिच्यामागून तोही गेला. आपण बाहेर थांबणार होतो, हे तो विसरलाच. शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून, उभा राहिला.

मंचावर सार्थक एकटाच. वाळलेला वाटला. गिटार छेडली आणि त्याने सुरुवात केली...

‘पाणी ओसरलं की ये...’

आणि थांबला. मान डावीकडे वळली. हॉलमध्ये चुळबुळ झाली. कोणीतरी शिट्टी मारली. “माईक बघा रे,” एकजण ओरडला, आणि चार पोरं हसली. सार्थक हलला नाही. त्याचे डोळे मंचाच्या त्या रिकाम्या बाजूला लागले होते. जसे बुवा टाळकऱ्यांकडे बघतात, तसे. ती ओळ हवेत लोंबत होती... आता पडेल, आता भुईला पडेल...

समाधानने ठरवून काहीच केलं नाही. जेवताना हात तोंडाशी जातो, तसा त्याचा गळाच उघडला.

‘पाणी ओसरलं की ये, गड्या, पाणी ओसरलं की ये...’

सगळा हॉल मागे वळला. न माईक, न ताल. मळ्यात हाक मारायची सवय असलेला तो रुंद, खरखरीत आवाज भिंतींना भिडला आणि त्याने ओळ उचलून धरली. वळून बघितलं नाही ते फक्त सार्थकने. त्याने डोळे मिटले. पुढची ओळ म्हणताना त्याचा आवाज असा थरथरला, की ती पुरती बाहेर पडेना. पण तो थांबला, आणि मागून ती धरली गेली. मग पुढची. धोंडाबाई पदराने तोंड झाकून रडत होती, आणि ताल मात्र चुकवत नव्हती, मांडीवर बरोबर ठेका देत होती.

कार्यक्रम संपला. पडद्यामागे दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले.

“तुला तर कंटाळा आला होता ना, दादा?” सार्थक म्हणाला.

“खोटं बोललो,” समाधान म्हणाला. “तू अडकून पडला असतास. म्हणून.”

सार्थकचा चेहरा पांढरा पडला. “मला खरंच वाटलं रे... वाटलं, तू वैतागलास, माझ्या गाण्याला, मला... म्हणून तुला फोन करायची हिंमत झाली नाही.”

“मग ती जागा का सोडलीस? मला वाटलं, डिवचतोयस.”

“डिवचीन कसा?” सार्थकला हुंदका आवरेना. “वाटलं, कधीतरी कंटाळा जाईल, आणि दादा येईल. तेव्हा जागा भरून गेलेली दिसली, तर परत फिरेल...”

समाधानने त्याला छातीशी धरलं. फुलांच्या चिकाने काळे पडलेले त्याचे हात धाकट्याच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटले, आणि ते कोणी पुसले नाहीत. धोंडाबाई मध्येच येऊन म्हणाली, “आता हार कोनाच्या गळ्यात घालू, ते तं सांगा.” दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं, तशी तिने तो मनगटाएवढा हार दोघांच्या गळ्यांत मिळून एकच घातला.

यादव साहेब घाईघाईने आले. “भाऊ, उद्याच मुंबईला चला. या सगळ्या जागांवर तुमचा आवाज भरून टाकू.”

सार्थकने आशेने दादाकडे पाहिलं. समाधानने क्षणभर विचार केला. मोह झालाच नाही, असं कसं म्हणू? झाला.

“नको,” तो म्हणाला. “नाशकात गाईल तेव्हा मी आहेच मागे. पण त्या गाण्यात ती जागा राहू द्या मोकळी. कुठंतरी कोणी एकटाच बसून ऐकत असेल... त्याला धरायला राहू द्या.”

अल्बम आजही तसाच आहे. कोणाला अर्धा वाटतो, कोणाला बिघडलेला. शेडमधला ड्रम समाधानने धुऊन पुसून बाहेर काढला. कोंबडी दोन दिवस घुटमळली आणि मग कॅरेटमध्ये बसायला शिकली.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी कीर्तनाला जाल, बुवा ओळ सोडून थांबतील, तेव्हा तुमची नजर जरा मागच्या रांगेकडे जाऊ द्या. आणि टाळ घेऊन जन्मभर तिथे उभ्या राहिलेल्या, पत्रिकेत नाव न आलेल्या मखमलाबादच्या सावळीरामाची आठवण ठेवा.