कुंतीच्या होडीतलं वजन

वारा : जोराचा

“तुमचं वजन किती?”

माहेबुर बंदराच्या बाजारात, भोपळ्यांच्या ढिगापलीकडून एका मुलीने विचारलं. तुलसीरामने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

“माझं?... कशाला?”

“शर्यत आहे. आमचा वजनाचा माणूस तापाने पडलाय. होडी कलंडू नये म्हणून काठावर बसायचं, बस्स.”

“मला होडीतलं काही येत नाही. मी रोझ बेल गावचा... तिथल्या मराठी मंडळात भाषा शिकवतो.”

“बसता येतं ना, मास्तर?”

तेव्हा त्याने तिला ओळखलं. ही कुंती! एक्याऐंशी साली त्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांची शर्यत म्हटलं की हेच नाव निघायचं. कोळ्याची पोर. बाप सुकाणू हाती देईना, म्हणून चुलत्याची होडी पळवली आणि त्याच होडीतून बापाला हरवलं. पुढे ती हरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जिंकलेल्या कपांत तिची आई मीठ आणि चिंच ठेवायची.

काठावर बसणं म्हणजे पाय दोरीत अडकवून पाठ समुद्रावर झोकून देणं, हे त्याला होडी सुटल्यावर कळलं. होडी उठली — अर्धी पाण्याबाहेर, अर्धी आभाळात. तोंडावर खारे शिंतोडे. आणि सुकाणूवर कुंती, डोळे बारीक केलेली. दूर पाण्यावर एखादी काळी सुरकुती पडायची. वारा होडीपर्यंत पोचायच्या आधीच तिचं मनगट हललेलं असायचं. इतका गलबला चारी बाजूंनी, आणि तिच्या चेहऱ्यावर गाभाऱ्यातली शांतता...

किनाऱ्याला लागल्यावर तुलसीरामला विचारावं लागलं, आपण जिंकलो का.

वारा : बरा

“याला काय म्हणायचं, मास्तर? आम्ही लांक म्हणतो.”

“नांगर.”

“आयो! नांगर? तुम्ही लोक समुद्र नांगरता काय?”

“शब्दच तसा आहे.”

“देवानंद, ऐकलंस? मास्तर मला शेतीला लावणार!”

“दादा म्हण,” तिचा भाऊ पुढून ओरडला. “आणि त्याला आधी भाकरी कमी करायला सांग.”

“एक घास कमी करायचा नाही! मास्तर, ऐकताय ना?”

“ऐकतोय... कुंती, मला तुला एक सांगायचं —”

“डोकं खाली!”

शिडाचा वासा त्याच्या केसांवरून सणकन गेला. सांगायचं राहून गेलं.

वारा : नाही

हलक्या वाऱ्यात जड माणूस म्हणजे नुसतं ओझं. अशा दिवशी देवानंद लांबूनच हात हलवायचा — मास्तर, आज सुट्टी.

म्हणून सकाळी उठल्यावर तुलसीराम आधी खिडकीतून ऊस बघायचा. पाती सळसळली की धावत बस पकडायची. पाती गप्प असली की वर्गातल्या पोरांना उगाच शुद्धलेखन घालायचं.

वारा : होता... मग पडला

मोठी शर्यत. जिंकणाऱ्याला शेजारच्या रियुनियन बेटावर पाठवणार होते, नावाजलेल्या शर्यतबाजांपुढे. लहानपणापासून कुंतीने तेवढं एकच मागितलं होतं.

शेवटच्या वळणानंतर शीड लोंबलं. पुढे निळ्या शिडाची होडी, त्यात दोघंच, काटकुळे. तुलसीरामने कुंतीकडे पाहिलं. ती कुणाकडेच पाहत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“कुंती, मला तू फार... म्हणजे... जा, जिंकून ये!”

आणि त्याने उडी मारली.

पाणी छातीपर्यंतच होतं.

तो वाळूवर उभा राहून बघत राहिला. हलकी झालेली होडी सरकली, निळ्या शिडाला भिडली, पुढे गेली. त्याचा ऊर भरून आला.

मग ती वळली.

कितीदा त्याने ती होडी किनाऱ्यावरून दूर जाताना पाहिली होती! अशी समोरून, सरळ आपल्यावर येताना कधीच नाही. उन्हाने उजळलेलं शीड, त्याखाली कुंतीचा चेहरा. तुलसीरामचे हात आपोआप जोडले गेले.

“मूर्खा!” देवी कडाडली. “निघाली तेवढी माणसं पोचावी लागतात! नाहीतर होडी बाद!”

“मला... कुणी सांगितलं नाही.”

“उडी मारशील असं कुणाला वाटलं होतं!”

त्याला आत ओढता ओढता भावाबहिणीची दमछाक झाली. तोवर निळं शीड किनाऱ्याला लागलं, टाळ्या वाजल्या. उन्हातच बारीक पाऊस सुरू झाला.

“मी तुझं रियुनियन घालवलं.”

“घालवलंस.”

“उद्यापासून येत नाही मी.”

पावसाचे थेंब कुंतीच्या पापण्यांवर थांबत होते. मग तिने विचारलं, “उडी मारताना काय म्हणालास? ‘मला तू फार’... फार काय, मास्तर? वर्गात असं अर्धं वाक्य चालतं का?”

“फार... आवडतेस.”

देवानंदला पुढच्या दोरीत अचानक खूप काम निघालं.

कुंती सरकली. सुकाणूपाशी, आपल्याला खेटून, तिने जागा केली.

“इथे बस.”

“अगं, वारा नाही. मागून जड होईल... होडी हळू जाईल.”

“जाऊ दे की हळू,” कुंती म्हणाली.